आईला विचारू नये

तांबेबाई कचेरीत आल्या की आधी माठातलं कालचं पाणी बाहेरच्या जास्वंदीला घालायच्या, माठ नव्यानं भरायच्या, टेबलाची काच पुसायच्या आणि मग टपालात आलेला सरकारी कागद हातात घेऊन उभ्यानंच वाचायच्या. खुर्चीत बसून वाचलं की कुठलाही कागद बरोबर वाटायला लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हे त्या गमतीनं म्हणत की मनापासून, ते मला चार वर्षं शेजारच्या टेबलावर बसूनही नक्की कळलं नाही. वाचून झालं की चष्मा कपाळावर सरकवून त्या विचारायच्या, "ह्यात कोण बसत नाही?"

साहेबांपासून शिपायापर्यंत आम्ही बाकीचे सगळे नियमात कोण बसतं ते बघायचो. बाईंचं उलट. "बसणारे येतातच हो आपल्या पायानं," त्या म्हणायच्या, "न बसणारे कुठं जातात ते बघायला कोणी नसतं." मग त्या कागदाला भोक पाडून टॅग लावायच्या आणि कामाला बसायच्या.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरच्या तीनचार वर्षांतली. महाडहून पोलादपूरकडे जाताना हमरस्त्याला लागून आमची कचेरी होती. तिचं नाव मी मुद्दामच घेत नाही. तिथले बहुतेक जण आता पेन्शनीत आहेत, त्यांना सुखानं राहू द्यावं. कौलारू इमारत, पुढे पडवी, पडवीत अर्जदारांसाठी एक लांब बाक. आत साहेब, चार कारकून, एक शिपाई, एक जीप, जीपचा ड्रायव्हर महादेव आणि मी. मी टायपिस्ट, तोही हंगामी. दर तीन महिन्यांनी माझी नेमणूक संपायची आणि साहेबांच्या सहीनं पुन्हा सुरू व्हायची. त्यामुळे साहेब शिंकले तरी मी कॅलेंडर बघायचो.

तांबेबाईंकडे निराधारांचं टेबल होतं. म्हातारे, विधवा, अपंग, ज्यांना पाहणारं कोणी नाही अशांना सरकार महिन्याला थोडी मदत द्यायचं. त्यांचे अर्ज घ्यायचे, तपासायचे, वर पाठवायचे, हे बाईंचं काम. बाई मूळच्या दासगावच्या. महाडात चवदार तळ्याजवळ दोन खोल्यांत आईबरोबर राहायच्या. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कचेरीत कोणाची छाती नव्हती. पांढरं सुती पातळ, त्याला बोटभर निळा काठ, हातात बाराही महिने छत्री. त्यांचे वडील बारा-तेरा वर्षांचे असताना आपल्या बापाबरोबर तळ्यावरच्या सत्याग्रहाला गेले होते. बाई ही गोष्ट कधी भाषणासारखी सांगत नसत. मला ती कळली तीही त्यांच्या आईकडून. बाईंनी फक्त स्वतःच्या खर्चानं माठ आणून टेबलाशेजारी ठेवला होता, आणि अर्जदार समोर आला की नाव-गाव विचारायच्या आधी त्या विचारायच्या, "पाणी पिणार?"

डोंगरातल्या वाड्यांवरून दोन-दोन तास उतरून आलेली माणसं तहानलेली असायचीच. तरी काही जण बाईंचं घराणं कुठलं ते बाहेर विचारून आलेले असायचे. ते म्हणायचे, "नको बाय, आताच प्यालो." बाई पेला भरून त्यांच्यासमोर ठेवायच्या आणि फॉर्म भरायला घ्यायच्या. फॉर्म लांबलचक, बाईंचा हात सावकाश, आणि मार्च-एप्रिलचं ऊन. निम्म्याहून अधिक पेले फॉर्म संपायच्या आत रिकामे व्हायचे. बाई मान वर करून बघतही नसत.

महाडहून आम्ही दोघं एकाच एसटीनं जायचो. बाई खिडकीशी बसायच्या आणि रस्त्यानं पुढे चाललेल्या ट्रकांचा धूर सगळा त्यांच्यावर यायचा. पोलादपूरच्या पुढे घाट, म्हणून गाड्या आधीपासूनच धापा टाकत असायच्या. उतरताना त्या पदर झटकायच्या आणि मला दाखवायच्या. "बघा टायपिस्टसाहेब, मुंबई ते गोवा आज माझ्या अंगावरून गेलं." मला त्या टायपिस्टसाहेबच म्हणायच्या. माझ्या हंगामी नोकरीत मला कोणी साहेब म्हटल्याची तेवढीच नोंद.

माझ्यात एक खोड होती आणि तिच्यावरून बाई मला फार टोचायच्या. हाताला येईल तो कागद मी वापरायचो. शाईच्या फितीनं माखलेली बोटं पुसायला, चहाच्या कपाखाली, भजी गुंडाळायला. एकदा अलिबागला जायच्या पत्राच्या स्थळप्रतीत, म्हणजे कचेरीत ठेवायच्या प्रतीत, मी कांदाभजी बांधून घरी नेली होती आणि दुसऱ्या दिवशी तेलकट स्थळप्रत फायलीला लावली होती. बाईंनी ती उजेडात धरून बघितली. "आरपार दिसतंय," त्या म्हणाल्या. "सरकारी पत्रव्यवहार इतका पारदर्शक मी पहिल्यांदाच बघतेय."

एका सकाळी भागाआजी आली. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथून. बरोबर शेजारीण होती, कारण आजीला डोळ्यांनी कमी दिसायचं. आजीनं पाणी नको म्हटलं. बाईंनी पेला भरून ठेवला आणि फॉर्म काढला.

फॉर्मात एक रकाना होता: अर्जदारास सज्ञान मुलगा आहे काय? आहे म्हटलं की अर्ज तिथंच संपला. मुलगा असला म्हणजे तो पोसतो, असं नियम करणाऱ्यांनी धरून चाललेलं. आमच्या भागात हा रकाना म्हणजे अख्खा तालुका बाहेर ठेवण्याची सोय होती. एकेका घरातला एकेक मुलगा मुंबईला. कोणी गिरणीत, कोणी हॉटेलात, कोणी गोदीत. काही शिमग्याला यायचे, आईला नायलॉनचं लुगडं आणि शेजाऱ्यांना बिस्किटं आणायचे. काही वर्षानुवर्षं यायचेच नाहीत.

"मुलगा आहे का आजी?" बाईंनी विचारलं.

"हाय तर. गणपत. मुंबयला हाय, गिरणीत."

"कधी आला होता?"

"ह्या शिमग्याला नाय आला. रजा नाय गावली आसंल."

"त्याच्या आधीच्या?"

आजी बोटांवर मोजू लागली आणि मध्येच थांबली. तिच्या मागं उभ्या असलेल्या शेजारणीनं बाईंना गुपचूप नऊ बोटं दाखवली.

"येल गो," आजी म्हणाली. "आयेला इसरंल व्हय?"

बाईंनी टाक खाली ठेवला. "आजी, तो येवो बिचारा. पण पोसत नाही, एवढं तुम्ही बोललात तर मला पुढं काही लिहिता येईल."

"आसं मी माज्या तोंडानं बोलू?" आजी एकदम ताठ झाली. "तो तितं कुठं आसंल, कसा आसंल. आन मी हितं बसून त्याला नाय म्हनू? आयेचं बोलनं त्येच्यावर येल. नको बाय मला तुमचे पैशे."

पलीकडच्या टेबलावरून एका कारकुनानं शहाणपण सांगितलं, "बाई, तुम्हीच लिहून टाका 'नाही'. म्हातारीचा अंगठाच तर घ्यायचाय." बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. आजी आहे म्हणाली होती, त्यांनी आहे लिहिलं. जाताना आजीनं टेबल चाचपलं, पेला हाताला लागला, तो तिनं उभ्यानंच घटाघट प्यायला आणि ती शेजारणीचा हात धरून उन्हात उतरली.

त्या दिवसापासून बाईंनी एक वेगळा कागद केला. रकान्यात आहे म्हटलं म्हणून ज्यांचा अर्ज बाद झाला, अशा बायांची नावं त्या लिहू लागल्या. नाव, वाडी, वय, मुलगा कुठे, शेवटचा कधी आला. वर्षं म्हातारींना सांगता यायची नाहीत, म्हणून बाई शिमगे लिहायच्या. नऊ शिमग्यांपूर्वी. पाच शिमग्यांपूर्वी. एकीनं मुलाला मुकादम करून टाकलं होतं, बढतीचा पगारही सांगितला. तिची शेजारीण बाहेर येऊन रडली, कारण तो मुलगा कुठे आहे ते मुंबईत कोणालाच माहीत नव्हतं. नाही म्हणणारी एकही बाई निघाली नाही. वर्षभरात कागद जवळजवळ सगळा भरला.

आणि मग एक दिवस विधानसभेचे दोन प्रश्न एकदम आले.

बाहेरच्यांना वाटतं, आमदार प्रश्न विचारतात आणि मंत्री उत्तर देतात. मधल्या मध्ये तो प्रश्न खात्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून आमच्यासारख्या कचेरीला तारेनं येतो, आणि उत्तर घाम पुसत कोणी एक कारकून लिहितो. उत्तराची रीत ठरलेली. पहिला प्रश्न: अमुक हे खरे काय? उत्तर: हे खरे नाही. दुसरा: असल्यास, त्याची कारणे काय? उत्तर: प्रश्न उद्भवत नाही. हे तीन शब्द मी इतक्यांदा टाइप केलेत की माझी बोटं ते झोपेतसुद्धा वाजवत असतील.

पहिला प्रश्न गाड्यांच्या धुराचा होता. धूर ओकणाऱ्या गाड्यांवर नवा नियम आणायचं चाललं होतं, आणि कोणीतरी विचारलं होतं की सरकारी गाड्याही काळा धूर सोडतात हे खरे काय. दुसरा निराधारांचा. सज्ञान मुलाच्या अटीमुळे गरजू वृद्धांचे अर्ज फेटाळले जातात हे खरे काय. दोन्ही उत्तरं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी बाई घरून जुन्या पांढऱ्या पातळाचा एक चौकोनी तुकडा कापून घेऊन आल्या. तो एका काठीला बांधला आणि जीपच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

"महादेव, गाडी चालू कर."

"बाय, फडका काला हुईल," महादेव म्हणाला.

"तेच बघायचंय. दाब पाय."

महादेवनं पाय दाबला. आमची जीप तशी प्रसिद्धच होती. ती घाटात गेली की मागच्या गाड्या लांब थांबून राहायच्या. धुराचा लोट पडवीपर्यंत आला, बाकावरचे अर्जदार खोकत उठले, आणि बाई खोकत खोकत परत आल्या तेव्हा फडक्याचा तवा झाला होता. साहेबांनी तो बघितला आणि ते खूश झाले. नव्या जीपसाठी त्यांनी तीन वर्षं पत्रं लिहिली होती. "वा बाई! लिहा, हे खरे आहे. आणि हा तुकडा सहपत्र म्हणून जोडा."

मग बाईंनी दुसरं उत्तर पुढे केलं. त्याच्यावरही त्यांनी लिहिलं होतं, होय, हे खरे आहे. सोबत ती भरगच्च यादी. आणि यादीच्या खाली शेरा: "वरील सर्व स्त्रियांना मुलगा आहे काय असे विचारले असता त्यांनी आहे असेच सांगितले व पुढेही सांगतील. तरी हा प्रश्न आईला विचारू नये. गावात विचारावा."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी यादी सबंध वाचली, मध्ये एकदा चष्मा पुसला, आणि मग लाल पेन्सिल घेतली. "बाई, खरं आहे म्हटलं की कारणे काय ते येतं. ते तुम्हाला नाही विचारणार, मला विचारतील. जीपचं वेगळं, ती यंत्र आहे." त्यांनी बाईंचं उत्तर खोडून वर लिहिलं, हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.

"साहेब, माझी यादी?"

"असू द्या फायलीला."

बाई यादी घेऊन जागेवर गेल्या. साहेबांनी खोडलेलं उत्तर माझ्याकडे आलं आणि मी ते टाइप केलं. मला लाज वाटली होती, हे आज लिहायला हरकत नाही. पण माझी नेमणूक त्याच आठवड्यात संपत होती आणि घरी बायकोला नववा महिना लागला होता. महादेव जीप चालू करून बसला होता, टपाल महाडला नेऊन अलिबागच्या गाडीत टाकायचं होतं. काजळीचा तुकडा तसाच लावला तर टाइप केलेलं उत्तर काळं झालं असतं. मी माझ्या टेबलावर पालथा पडलेला एक कागद उचलला, तुकडा त्यात गुंडाळला, टाचणी मारली, पाकीट बंद केलं आणि धावत जाऊन महादेवकडे दिलं.

दोन आठवड्यांनी सकाळच्या एसटीत बाईंनी महाडच्या स्टँडवरून घेतलेलं वर्तमानपत्र उघडलं. बराच वेळ वाचलं. गाडी शहराबाहेर पडली तरी पान उलटलं नाही. मग त्यांनी पेपर घडी करून माझ्या मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत विचारलं, "टायपिस्टसाहेब, तो फडका तुम्ही कशात गुंडाळला होतात?"

पुढे आमच्या कचेरीत विधानसभेच्या कामकाजाची छापील प्रत आली, खुलासा मागणाऱ्या नोटिशीबरोबर, तेव्हा मी सगळं सविस्तर वाचलं. धुराच्या नियमावर चर्चा चांगली दोन तास रंगलेली. शहरातले एक आमदार म्हणाले, धुरानं पोरांच्या छात्या भरल्यात, धूर सोडणारी गाडी जागच्या जागी थांबवा आणि परवाना काढून घ्या. घाटातले एक आमदार उठले. भरलेला ट्रक चढावर धूर सोडणार नाही तर काय उदबत्तीचा वास सोडणार, असं त्यांनी विचारलं. गाडी थांबवाल तर ड्रायव्हरच्या घरची चूल थांबेल, तिचं काय करणार तेही नियमात लिहा. तिसरे म्हणाले, आधी सरकारी गाड्या तपासा. मंत्री याचीच वाट बघत होते. सरकार काही लपवत नाही, असं म्हणून त्यांनी आमचं सहपत्र उंच धरलं आणि उलगडलं; काजळीला भिऊन वाटेत कोणी ते उघडलं नसावं. सभागृहात हशा, असं कंसात छापलेलं आहे.

हशा संपल्यावर त्या तिसऱ्या आमदारांनी विचारलं, फडका दिसला, पण ज्या कागदात तो बांधलाय त्यावर काय लिहिलंय? अध्यक्षांनी कागद पटलावर ठेवायला सांगितला. मग त्या गृहस्थांनी तो वाचून दाखवला. भागाबाई, वय अंदाजे सत्तर, मुलगा आहे, मुंबईस, शेवटचा आला नऊ शिमग्यांपूर्वी. पुढची बाई. तिच्या पुढची. काजळीनं काही नावं पुसली होती, तिथं त्यांनी 'वाचता येत नाही' असं म्हणत पुढे वाचलं. शेवटी शेरा. शांतता छापायची रीत नसते, त्यामुळे त्यानंतर तिथं काय झालं ते त्या प्रतीवरून कळत नाही. पुढची ओळ एकदम सरकारी बाकांवरच्या एका वयस्कर आमदारांची आहे. ते म्हणतात, "अध्यक्ष महाराज, माझी आई असती तर तीही असंच म्हणाली असती."

त्याच दिवशी सकाळी मंत्र्यांनी दुसऱ्या प्रश्नाला हे खरे नाही असं उत्तर दिलेलं होतं. मग जो गोंधळ व्हायचा तो झाला. धुराचा नियम त्या दिवशी बाजूलाच राहिला आणि संध्याकाळपर्यंत सगळे आयांवर बोलत राहिले.

महिन्याभरात आमच्याकडे नोटीस आली. असंबद्ध कागद सहपत्र म्हणून कोणी जोडला, कारणे दाखवा. साहेबांनी आम्हा सगळ्यांना उभं केलं.  मला मुलगी झाली होती, बारा दिवसांची होती. मी तोंड उघडायच्या आधी बाई म्हणाल्या, "साहेब, माझ्या टेबलाचा कागद आहे, खुलासा मी देते." आणि त्यांनी उभ्या उभ्याच एका ओळीचा खुलासा लिहिला: सदर यादी सहपत्रासोबत मी ठेवली होती. खाली सही, तारीख.

मी गप्प बसलो. यापुढे काही लिहिण्यासारखं नाही. आयुष्यात एक अक्षर खोटं न लिहिलेल्या बाईनं माझ्यासाठी खोटं लिहिलं, आणि मी माझी नेमणूक पुढे चालू करून घेतली, एवढंच. बाईंची बढती थांबली आणि बदली समुद्राकाठी श्रीवर्धनच्या बाजूला झाली. आई म्हातारी, महाड सोडायला तयार नाही, त्यामुळे त्या दर शनिवारी दोन गाड्या बदलून यायच्या आणि सोमवारी पहाटे जायच्या. जाताना त्यांनी माठ मला दिला. "रोज भरा," म्हणाल्या. "आणि विचारत जा." साहेबांना नवी जीप मिळाली नाही. उलट सभागृहात गाजलेली ती जुनी जीप रस्त्यावर आणू नये असा हुकूम आला, आणि साहेब वर्षभर आमच्याच एसटीत, बाईंच्या जागेवर, खिडकीशी बसून धूर खात यायचे.

नियम बदलला. लगेच नाही, पण बदलला. मुलगा असून सांभाळत नसल्यास गावच्या दोन पंचांचा जबाब घ्यावा, अशी नवी अट आली. बाईंचा शेरा तसाच्या तसा नव्हता, पण आईला विचारायचं नाही हे त्यात आलं होतं. निराधारांचं टेबल तोवर माझ्याकडे आलं होतं. भागाआजीच्या वाडीवर पंचांचा जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. जबाब घराच्या मागं, आवाज न करता घेतला. आजी ओटीवर बसली होती. तिनं शेजारणीला विचारलं, "काय इचारतायत गो?" शेजारीण म्हणाली, "काय नाय, फणसाच्या झाडाचं हाय."

मदत पोस्टानं मनिऑर्डरनं यायची. पहिली आली तेव्हा आजीनं पोस्टमनला बसवून चहा पाजला आणि सगळ्या वाडीला सांगितलं, गणपतनं धाडले. पोस्टमन काही बोलला नाही, वाडीही बोलली नाही. मी हे बाईंना महाडात त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. त्या आधी हसल्या, मग पदरानं डोळे पुसले. "म्हणू दे," त्या म्हणाल्या. "फॉर्मात त्याला कुठं रकाना आहे?"

मी त्या दिवशीही माझं सांगायचं सांगितलं नाही. जीभ उचलायची आणि बाईंची आई चहा घेऊन यायची, किंवा मीच कपबशी बघत बसायचो. असं चारपाच वर्षं चाललं. दरम्यान मी कायम झालो.

बाई पुढे निवृत्त झाल्या. त्यानंतरच्या मार्चमध्ये, तळ्यावर दरवर्षीप्रमाणे गर्दी लोटली होती तेव्हा, मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. गावोगावहून माणसं येत होती, रस्ते पांढऱ्या कपड्यांनी भरले होते. बाई आपल्या दारापुढे बाकड्यावर चार माठ मांडून उभ्या होत्या. तेच निळ्या काठाचं पातळ, केस सगळे पिकलेले. येणाऱ्याच्या हातात पेला द्यायच्या, रिकामा घ्यायच्या, विसळायच्या, भरायच्या. मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा मागं पन्नास माणसं होती, आणि का कोण जाणे, तेव्हाच मला सांगता आलं.

"बाई, ती यादी मी गुंडाळली होती. चुकून. तुम्ही माझ्यासाठी खोटा खुलासा दिलात."

त्यांनी पेला भरता भरता माझ्याकडे पाहिलं. "खोटा?" त्या म्हणाल्या. "मी काय लिहिलं होतं ते आठवतंय का तुम्हाला? ठेवली होती, असं लिहिलं होतं."

मला कळेना.

"यादी तर मी माझ्या जागेवर नेली होती ना? मग तुमच्या टेबलावर, फडक्याशेजारी, पालथी कशी आली, हे इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नाही?"  मागचा माणूस पुढे सरकत होता. "जोडण्याइतका धीर नव्हता हो मला. आई होती घरी. ठेवण्याइतका होता. पुढचं म्हटलं तुमच्या सवयीवर सोडावं."

 त्यांनी पेला माझ्या हातात दिला आणि मी पाणी प्यायलो. मग त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, विसळला, भरला आणि माझ्या मागच्या माणसाला विचारलं, "पाणी पिणार?"